जुन्या बिडाच्या रंधा मशीनचे पुनरुज्जीवन: कुठे हात लावावा, कुठे लावू नये

जुने रंधा मशीन कार्यशाळेत आल्यावर नवखा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी पाना हातात घेतो. गंज दिसतो, रंगाचे पोपडे दिसतात आणि सगळे खोलून घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई होते. हा लेख त्या घाईला थोडा लगाम घालण्यासाठी आहे. येथे उदाहरण म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, हाताने फळी सरकवण्याचे रंधा मशीन घेतले आहे. त्यात बिडाचा सांगाडा, त्यावर उतरत्या खाचांत सरकणारी दोन टेबले, मधोमध फिरणारा कटर आणि त्याच्या दोन्ही टोकांना बॅबिट धातूच्या बेअरिंग असतात. अशा यंत्राचे काम करताना मी एक नियम पाळतो: ज्या भागावर यंत्राची अचूकता अवलंबून आहे तो शक्य तितका मूळचा ठेवावा आणि ज्या भागामुळे बोटे जाऊ शकतात तो बिनदिक्कत बदलावा. बाकी सगळे निर्णय या एका फरकातून निघतात.

खोलण्याआधी

पहिले दोन-तीन दिवस केवळ पाहण्यात आणि मोजण्यात घालवावेत. बिडाच्या प्रत्येक मोठ्या भागावर लहान हातोडीने हलकेच टिचकी मारून आवाज ऐकावा. अखंड बीड घंटेसारखे खणखणते, तडा गेलेले बीड बद्द वाजते. टेबलांच्या कडा, बेअरिंगच्या टोप्यांचे कान आणि पायांचे कोपरे या तीन ठिकाणी तडे जास्त आढळतात. पायाचा तडा ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या पितळेने सांधून, निभावतो. मात्र टेबलाच्या खाचेजवळ किंवा बेअरिंगच्या बैठकीत तडा असेल तर अनुभवी माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर कटरचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा, टेबले त्यांच्या चाकांनी किंवा हँडलांनी सरकतात का ते तपासावे आणि कोणते भाग हरवले आहेत त्याची यादी करावी. लेस्टरची वॅडकिन, ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर, ओहायोतील लीटोनियाची क्रेसेंट अशा नावाजलेल्या कारखान्यांची यंत्रे असतील तर नाव बहुधा बिडातच उमटवलेले असते. ते नाव आणि क्रमांक नोंदवून ठेवावा, कारण कारखान्यांच्या जुन्या कॅटलॉगांतील चित्रांवरून हरवलेल्या भागांचा आकार समजतो. फोटो सर्व बाजूंनी काढावेत आणि प्रत्येक फोटोत एखादी मोजपट्टी ठेवावी. चार महिन्यांनी जोडणी करताना आकाराचा अंदाज देणारा फोटोच उपयोगी पडतो.

हलवण्याबद्दल एवढेच की, अशा यंत्राचे वजन कित्येकदा पाचशे किलोच्या पुढे असते. टेबले उतरवून, भाग वेगळे करून न्यावेत आणि साखळी किंवा पट्टा कधीही कटरच्या शाफ्टला किंवा टेबलाच्या कडेला अडकवू नये.

खोलताना

अडकलेल्या बोल्टशी ताकदीने भांडू नये. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रण आट्यांत चांगले झिरपते. ते लावून एक-दोन दिवस थांबावे, मधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, आणि आधी किंचित घट्ट करून मग सैल करावे. हे मिश्रण चटकन पेट घेते, त्यामुळे ते लावलेल्या ठिकाणी ज्योत नेऊ नये. पुली किंवा हँडल शाफ्टवरून निघत नसेल तर त्यात निमुळती पिन आहे का ते शोधावे. रंगाखाली ती दिसत नाही आणि ती बारीक टोकाकडूनच ठोकून बाहेर काढावी लागते. उलट्या बाजूने ठोकल्यास ती आणखी आवळते आणि शेवटी कान तुटतो.

आट्यांची बाब स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी. जुन्या ब्रिटिश यंत्रांत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेले ५५ अंशांचे आटे असतात, तर अमेरिकन यंत्रांत विल्यम सेलर्स यांच्या १८६४ सालच्या पद्धतीचे ६० अंशांचे. गंमत अशी की अनेक मापांत दोन्हींची दर इंची आटेसंख्या एकच आहे, पण नेहमी लागणाऱ्या अर्धा इंची बोल्टला व्हिटवर्थमध्ये १२ आणि अमेरिकन पद्धतीत १३ आटे येतात. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. तेथे जोर लावला की बिडातले शंभर वर्षांचे आटे सोलून निघतात. म्हणून आटे मोजण्याचे पात्यांचे गेज जवळ ठेवावे आणि नवीन मेट्रिक बोल्ट बसवण्यासाठी बिडात पुन्हा आटे पाडण्याचा मोह टाळावा.

प्रत्येक बेअरिंगच्या टोपीखाली दोन्ही बाजूंना पातळ पत्र्यांची चळत असते, तिला शिम म्हणतात. या चळतींविषयीचा एक धडा मला महागात पडला. पहिल्या यंत्राच्या वेळी मी चारही चळती एकाच डब्यात केरोसीनमध्ये टाकून स्वच्छ केल्या आणि कोणता पत्रा कुठला होता हे समजण्याचा मार्गच उरला नाही. नंतर बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली बारीक फट, पुन्हा जुळवण्यात तीन संध्याकाळ गेल्या. आता मी प्रत्येक चळत काढल्याबरोबर तारेत ओवतो आणि तिला पत्र्याचा बिल्ला लावतो. बिल्ल्यावर 'पुली बाजू, पुढची' असे ठोकून लिहितो, कारण केरोसीनमध्ये शाई टिकत नाही.

रंग आणि गंज

जुन्या यंत्रांवरचा रंग शिशाचा असण्याची शक्यता धरूनच चालावे. तो कोरडा घासू नये, ग्राइंडरने तर मुळीच उडवू नये. रंग मऊ करणारे रसायन लावून ओला असतानाच खरवडावा, योग्य फिल्टरचा मास्क वापरावा आणि खरवड वेगळी गोळा करावी. लहान मुले वावरतात तेथे हे काम करू नये.

गंजासाठी नवख्याला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे विद्युत अपघटन. प्लास्टिकच्या टाकीत पाणी घेऊन दर लिटरला साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडावा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. टोके उलटी जोडली तर यंत्राचाच भाग झिजतो, म्हणून चार्जर चालू करण्यापूर्वी दोनदा तपासावे. १२ व्होल्टचा जुना साधा चार्जर येथे उत्तम चालतो, कारण हल्लीचे स्वयंचलित चार्जर बॅटरी न दिसल्यास सुरूच होत नाहीत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. टाकीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जागा मोकळ्या हवेची असावी आणि चार्जर बंद केल्यावरच तारांना हात लावावा. स्प्रिंगा, कटरची पाती आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग या टाकीत घालू नयेत. भाग बाहेर काढल्यावर त्यावर काळा थर दिसतो. तो ब्रशने काढून भाग लगेच सुकवावा आणि तेल लावावे, अन्यथा तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते. भागावर शिशाचा रंग असेल तर टाकीतले पाणीही दूषित समजावे.

टेबलाच्या पृष्ठभागावरील बारीक खड्डे घालवण्याचा खटाटोप करू नये. त्यांच्यामुळे फळीच्या रंधाईत काही फरक पडत नाही. पात्याने खरवडून, तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने सपाट ठोकळ्यावर घासून मेण लावले की पुरे. मात्र सिलिकॉन असलेले मेण वापरू नये, ते लाकडाला लागते आणि पुढे त्यावर पॉलिश धरत नाही.

बॅबिट बेअरिंग

नवखे लोक सर्वांत जास्त घाबरतात ते या बेअरिंगांना, आणि भीतीपोटी त्या उपटून बॉल बेअरिंग बसवायला निघतात. बॅबिट हा मऊ मिश्रधातू आहे. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली त्याचे पेटंट घेतले. चांगल्या प्रतीच्या बॅबिटमध्ये कथिलाचे प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास असते आणि उरलेला भाग अँटिमनी व तांब्याचा असतो. शाफ्ट धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणूनच नियमित तेल मिळालेली बेअरिंग कित्येक दशके टिकते.

टोपी उघडल्यावर आत काय पाहायचे? पृष्ठभाग राखाडी आणि गुळगुळीत असेल, शाफ्टची जर्नले, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग, ओरखड्यांवाचून असतील आणि शिमच्या चळतीत अजून पत्रे शिल्लक असतील, तर नवे बॅबिट ओतण्याची गरज नाही. स्वच्छ करून क्लिअरन्स तपासावा. प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजण्यासाठी मिळणाऱ्या मऊ प्लास्टिकचा, धागा जर्नलवर ठेवून टोपी आवळावी, पुन्हा उघडावी आणि दबलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीवर पाहावी. जर्नलच्या व्यासाच्या एक हजारांश इतका क्लिअरन्स हे चांगले ढोबळ माप आहे, म्हणजे ४० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०४ मिलिमीटर. जास्त असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्याच जाडीचा एकेक पत्रा काढावा. एका बाजूने काढला तर टोपी तिरकी बसते.

बॅबिट चिरलेले, बैठकीतून सुटलेले किंवा ओरखडलेले असेल तरच ओतण्याचा विचार करावा. पहिल्यांदा करणाऱ्याने ते जाणकाराच्या सोबतीने करावे. त्यातील धोके आणि बारकावे मात्र आधी माहीत असायला हवेत. सर्वांत मोठा धोका ओलाव्याचा आहे. वितळलेल्या धातूला पाण्याचा थेंब लागला तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू चेहऱ्यापर्यंत उडतो. म्हणून बैठक, पळी आणि शाफ्ट हे सर्व आधी कोरडे व गरम करावे लागतात. गरम शाफ्टला फायदा आणखी एक असतो: थंड शाफ्टला लागताच बॅबिट सुरकुतते आणि थर एकजीव होत नाही. शाफ्टवर मेणबत्तीची काजळी धरावी म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. बेअरिंगची दोन्ही तोंडे उष्णता सोसणाऱ्या लांबीने (पुटीने) बंद करावीत. कथिलप्रधान बॅबिट साधारण ४२५ अंश सेल्सिअसला ओततात. तापमापक नसेल तर वितळलेल्या धातूत पाइनची कोरडी काडी बुडवावी. ती पेटू नये, पण लगेच तपकिरी व्हावी. धातू एकाच धारेत, न थांबता ओतावा, कारण मध्ये थांबले की तेथे सांधा राहतो आणि बेअरिंग पुढे तेथेच फुटते. चेहऱ्याची ढाल, चामड्याचे हातमोजे आणि अंगभर सुती कपडे हवेत. शिसेप्रधान बॅबिट असेल तर धुराचीही काळजी घ्यावी.

ओतण्यापूर्वी शाफ्ट टेबलांच्या खाचांशी अचूक समांतर धरला पाहिजे, कारण बॅबिट थिजल्यावर शाफ्टची जागा कायमची ठरते. माझ्या मते ओतण्याच्या कामातला ऐंशी टक्के वेळ या जुळवणीत जावा आणि प्रत्यक्ष ओतणे एका मिनिटात संपावे. थंड झाल्यावर शाफ्टला प्रशियन ब्ल्यू या निळ्या खुणेच्या रंगाचा पातळ थर लावून फिरवावा आणि निळे ठिपके उमटतील तेथे खरवडणीने अगदी हलके खरवडावे. ठिपके पृष्ठभागभर सारखे पसरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते. तेलाची खाच पाडताना ती बेअरिंगच्या कडेपर्यंत नेऊ नये, नाहीतर तेल आत न राहता बाहेर वाहून जाते.

चौकोनी कटर: येथे मात्र मूळ रूप जपू नये

या काळातील बऱ्याच यंत्रांत कटर चौकोनी असतो. चौकोनी पोलादी ठोकळ्याच्या बाजूंवर जाड पाती बोल्टने आवळलेली असतात. फिरताना त्याचे कोपरे मोठे वर्तुळ काढतात, पण सपाट बाजूंपाशी टेबल आणि ठोकळा यांच्यात खोल पोकळी उघडते. फळी सटकली तर बोटे त्या पोकळीत ओढली जातात आणि पुढचा कोपरा येऊन आदळतो. गोल कटरमध्ये ही पोकळी भरलेली असते आणि पाते पृष्ठभागाबाहेर जेमतेम १ मिलिमीटर येते. अपघात तेथेही होतो, पण जखमेची खोली बरीच मर्यादित राहते. ब्रिटनच्या १९२२ सालच्या लाकूडकाम यंत्रांसंबंधीच्या नियमांनी हाताने सरकवण्याच्या रंध्यावर गोल कटर बंधनकारक केला. त्यामुळे 'मूळचे आहे म्हणून तसेच ठेवू' हा युक्तिवाद या एका भागाच्या बाबतीत मला पटत नाही.

नवा गोल कटर कटर बनवणाऱ्या व्यावसायिकाकडूनच करून घ्यावा. घरच्या लेथवर हा प्रयोग करू नये. त्याला द्यायची मापे अशी: दोन्ही जर्नलांचे व्यास आणि लांबी, बेअरिंगांच्या मध्यांमधील अंतर, जुन्या पात्यांच्या टोकांचे वर्तुळ, पुलीच्या बैठकीचा व्यास व चावीची खाच, आणि यंत्र किती फेऱ्यांनी फिरवणार तो आकडा. जर्नलची मापे मायक्रोमीटरने तीन ठिकाणी घ्यावीत, कारण जुनी जर्नले मधोमध झिजलेली असतात. नव्या कटरचा बॅलन्स फिरत्या अवस्थेत तपासून मागावा.

बॉल बेअरिंग बसवण्याचा प्रश्न येथेच सोडवावा. जुने बॅबिट उत्तम असेल आणि रोज तेल घालण्याची शिस्त असेल तर नव्या कटरची जर्नले जुन्याच बेअरिंगांच्या मापाची करून घ्यावीत. बॅबिट गेलेले असेल आणि कटरही बदलायचाच असेल, तर जुन्या टोपीच्याच बोल्टांवर बसणारी बॉल बेअरिंगची घरे बनवून घेणे शहाणपणाचे आहे. बीड कोरू नये, नवी भोके पाडू नयेत. जुना कटर तेल लावून, गुंडाळून, यंत्राच्या पायथ्याशी जपून ठेवावा. तो शोभेसाठी आहे, वापरण्यासाठी नाही, असा बिल्ला त्यावर लावावा.

नव्या कटरचे वर्तुळ जुन्यापेक्षा लहान असेल तर टेबलांच्या ओठांशी, म्हणजे कटरलगतच्या कडांशी, फट वाढते. टेबल शक्य तितके जवळ सरकवूनही ती पात्याच्या टोकापासून सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा बरीच मोठी राहत असेल, तर ओठाला पोलादी पट्टी जोडून ती कमी करावी. कटरवर झाकण हवेच. कित्येक जुन्या यंत्रांना ते कधी नव्हतेच. फळीच्या उंचीनुसार वर-खाली होणारे, टेबलाच्या रुंदीभर आडवे राहणारे झाकण मला सर्वांत सोयीचे वाटते.

टेबलांची पातळी

टेबल वाकले आहे असे दिसताच ते घासायला पाठवण्याची घाई करू नये. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोष खाचांमध्ये साचलेल्या जुन्या ग्रीसचा, डिंकाचा आणि भुशाचा असतो. खाचा स्वच्छ करून, ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या जुळवून, मगच मोजावे. लांब सरळपट्टी मागच्या टेबलावर (कटरवरून गेलेली फळी जेथे येते त्या) ठेवून पुढच्या टेबलावर (जेथून फळी सरकवतात त्या) न्यावी, पुढचे टेबल तिच्या पातळीला आणावे आणि फटीत फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप, घालून पाहावा. पूर्ण लांबीत ०.१ मिलिमीटरच्या आत फट असेल तर यंत्र उत्तम आहे. दोन्ही टेबलांची बाहेरची टोके खाली झुकली असतील तर रंधलेली कड मधोमध पोकळ येते. टोके वर असतील तर कड मधोमध फुगते. झुकलेल्या टेबलासाठी खाचेच्या बाहेरच्या टोकाशी पितळी पत्र्याचा तुकडा घालून टोक उचलावे. हे काम चिकाटीचे आहे आणि एका बैठकीत क्वचितच जमते.

मोटर आणि पट्टा

ही यंत्रे मुळात कारखान्याच्या आढ्याला लावलेल्या शाफ्टवरून चपट्या पट्ट्याने चालत. आता स्वतंत्र मोटर हवी. ३०० मिलिमीटर रुंदीच्या रंध्याला साधारण ३ अश्वशक्ती पुरते. मोटरसाठी वेगळी चौकट करावी, यंत्राच्या पायाला भोके पाडू नयेत. वेगाचा हिशोब सोपा आहे. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेत असेल आणि कटर ४,५०० फेऱ्यांनी हवा असेल, तर गुणोत्तर ३.१२५ येते. कटरची पुली ८० मिलिमीटरची असेल तर मोटरची २५० मिलिमीटरची लागेल. २,८८० फेऱ्यांच्या मोटरला १२५ मिलिमीटरची पुरते. मूळ वेग माहीत नसेल तर कमी वेगाकडे झुकावे, आणि ठरवलेला वेग कटर बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कधीही जास्त नसावा. मूळची चपटी पुली मध्ये किंचित फुगीर असते. पट्टा नेहमी उंच भागाकडे सरकतो, त्यामुळे तो त्या फुगवट्यामुळेच पुलीवर टिकतो. ती पुली घासून सपाट करू नये.

तीन फेजची मोटर एक फेजच्या वीजपुरवठ्यावर चालवायची असेल तर वारंवारता बदलणारा ड्राइव्ह वापरता येतो. त्याची कमाल मर्यादा मोटरच्या मूळ वारंवारतेवरच बंद करून ठेवावी, अन्यथा कोणीतरी एक दिवस बटण फिरवून कटर जास्त वेगाने पळवेल. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू-बंदचे बटण लावू नये. वीज जाऊन पुन्हा आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था, सहज हाती येणारे लाल बटण आणि अर्थिंग या तीन गोष्टी वीजतंत्रज्ञाकडून करून घ्याव्यात.

पहिली सुरुवात

पाती बसवताना समोरासमोरची पाती वजनाला सारखी आहेत का ते काट्यावर पाहावे. उंची जुळवण्यासाठी मागच्या टेबलावर लाकडाची सरळ काडी ठेवून कटर हाताने फिरवावा. प्रत्येक पात्याने काडी सारखीच, दोन-तीन मिलिमीटर, पुढे ओढली पाहिजे. मागचे टेबल उंच राहिले तर फळी त्याच्या ओठाला अडते आणि खाली राहिले तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो.

पहिल्यांदा पट्टा न लावता कटर हाताने पन्नासएक फेरे फिरवावा. मग बेअरिंगांत तेल भरून, बाजूला उभे राहून, मोटर क्षणभर चालू करून बंद करावी. त्यानंतर दहा मिनिटे चालवून वीज पूर्ण तोडावी, पात्यांचे स्क्रू पुन्हा आवळावेत आणि बेअरिंगला हात लावून पाहावा. हात सहज टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर दोन्ही बाजूंना एकेक पातळ पत्रा परत घालावा आणि पुन्हा दहा मिनिटे पाहावे.

मग दोन फळ्यांच्या कडा रंधून त्या एकमेकींवर उभ्या ठेवाव्यात आणि मागे दिवा धरावा. मधून प्रकाशाची तिरीप आली तर बाहेरच्या टोकांखालचे पितळी पत्रे पुन्हा पाहावेत, आणि टोकांकडून आली तर ते किंचित कमी करून पुन्हा दोन कडा रंधाव्यात.